दोनाची तफावत

पडताळाबाईंना सेवेतून कमी केलं तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात शेवटची नोंद अशी झाली: ‘गणनेत दोनाची तफावत आढळल्याने पद अनावश्यक.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझा आहे, दुसरा विभागप्रमुखांचा. मी तेव्हा बाईंच्याच खोलीत, त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसत असे. बत्तीस वर्षं मोजणी करणाऱ्या बाईच्या नावावर चूक लिहायला मला अर्धा तासही लागला नाही. ती नोंद अजून तशीच आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं काम काय, ते आधी सांगून टाकतो. बायकोला एकदा सांगायला गेलो, तर तिने ‘म्हणजे नसलेल्या वस्तू मोजता’ असं म्हणून विषय संपवला होता. तिचं फारसं चुकलं नव्हतं. इन्स्टंटॉन नावाचा एक प्रकार असतो. चार मितींच्या सिद्धांतात तो एका क्षणी घडतो आणि संपतो. त्याला वस्तू म्हणता येत नाही, घटना म्हणावं लागतं. पण सिद्धांतात एक मिती वाढवली की तीच घटना एखाद्या कणासारखी टिकून राहते, आणि टिकते म्हणून तिची मोजदाद करता येते. एका इन्स्टंटॉनच्या किती वेगवेगळ्या अवस्था असू शकतात, दोन एकत्र आले तर किती, हे आम्ही मोजतो. या सिद्धांतांत महासममिती असते, म्हणजे दोन जातींच्या अवस्थांच्या जोड्या लागलेल्या असतात. त्या जोड्या मोजणीत एकमेकींना खोडतात आणि मागे जे उरतं ते पूर्णांकात उरतं. अपूर्णांक आला की समजायचं, कुठेतरी घोडं पेंड खातंय.

बाईंची मोजणी चौकटींची होती. कोपऱ्यात रचून ठेवलेल्या चौकटींच्या दोन आकृत्या घ्यायच्या, दोन्ही मिळून जितक्या चौकटी तितके इन्स्टंटॉन. एका चौकटीच्या अशा जोड्या दोन होतात, दोन चौकटींच्या पाच, तीनच्या दहा, चारच्या वीस, पाचच्या छत्तीस. प्रत्येक जोडीमागे एक लांबलचक अपूर्णांक असतो. ते सगळे अपूर्णांक एकत्र केले की त्यातला पसारा आपोआप गळून जातो आणि स्वच्छ आकडे बाहेर येतात. निदान यायला हवेत.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दोन लोखंडी टेबलं, एक कपाट आणि उत्तरेकडची खिडकी, जिची कडी कुणीतरी तारेने बांधून ठेवली होती. खिडकीखाली बाईंचं टेबल. त्यावर चौकटीच्या कागदांचा गठ्ठा, तासलेल्या सहा पेन्सिली आणि एक खोडरबर. खोडरबर झिजून वाटाण्याएवढा उरला तरी त्या नवा मागत नसत. ‘मी फारसं खोडत नाही,’ असं म्हणत. यात बढाई नव्हती. त्या खरंच फारसं खोडत नसत, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपायचं.

नव्या माणसाने काही गणित करून आणलं की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘पडताळा पाहिलात?’ शाळेत समीकरण सुटल्यावर उत्तर परत घालून बघायला सांगायचे, तोच पडताळा. आम्ही सगळे मोठमोठ्या पदव्या घेतलेले, आम्हाला कुणी शाळेतला प्रश्न विचारला की नाक मुरडायची सवय. म्हणून नाव पडलं पडताळाबाई. पुढे त्यांच्या तोंडावरही सगळे तेच म्हणू लागले, आणि त्याही ओ देऊ लागल्या.

त्यांची पद्धत अशी. पहिल्या दिवशी आकृत्या डावीकडून मोजायच्या आणि कागद खणात टाकून कुलूप लावायचं. दुसऱ्या दिवशी कालचं काहीही न बघता उजवीकडून मोजायच्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर एका पिवळ्या चिठ्ठीवर ‘पडताळा जमला’ लिहून सही. ही चिठ्ठी टाचल्याशिवाय विभागातून एकही लेख बाहेर जात नसे. हा नियम जुन्या प्रमुखांनी घातला होता. ते निवृत्त होऊन जमाना झाला तरी तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग मी आलो. माझी पाच वर्षांची तात्पुरती नेमणूक होती आणि कामाचं स्वरूप एका ओळीत सांगायचं तर बाई जे तीन दिवसांत करतात ते करणारा प्रोग्रॅम लिहायचा. बाईंना हे माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरची त्यांची फाइल उचलून घेतली, टेबल ओल्या फडक्याने पुसून दिलं आणि म्हणाल्या, ‘बसा, प्रोग्रॅमवाले. तुमचं यंत्र डावीकडून मोजतं की उजवीकडून?’

मी म्हणालो, ‘एकदाच मोजतं, बाई. चुकत नाही ते.’

‘भाग्यवान आहे,’ त्या म्हणाल्या आणि पेन्सिल तासायला लागल्या.

चार वर्षं बरी गेली. प्रोग्रॅमची उत्तरं बाईंच्या उत्तरांशी जुळत होती, तीन ठिकाणी जुळली नाहीत आणि तिन्ही वेळा चूक माझी निघाली. ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही. पाचव्या वर्षी आम्ही एक मोठा सिद्धांत घेतला, सहा जातींचे द्रव्यकण असलेला. तिथे मोजणीकडून एक नेमकी अपेक्षा होती. इन्स्टंटॉनशिवायच्या अवस्था सदुसष्ट. एका इन्स्टंटॉनच्या बत्तीस आणि त्याच्या उलट जातीच्या बत्तीस. दोन इन्स्टंटॉनची एक, आणि उलट बाजूची एक. बेरीज एकशे तेहतीस. हा आकडा आला तर सिद्धांतात एक मोठी लपलेली सममिती आहे असा अर्थ होतो, आणि मला कायमची खुर्ची मिळण्याइतका तो अर्थ मोठा होता.

प्रोग्रॅमने एकशे पस्तीस दिले.

दोन इन्स्टंटॉनच्या पायरीवर एकाच्या जागी दोन येत होते, दोन्ही बाजूंना. मी प्रोग्रॅम उलटापालटा केला, आठवडा घालवला, आकडा ढिम्म हलेना. आता माझ्या मोजणीत एक कुंपण असतं. विशिष्ट बिंदूंभोवती ते आखायचं आणि आत येतील तेवढे बिंदू जमेस धरायचे. कुंपण नेमकं कुठून जावं याला नियम आहे, पण काही बिंदू अगदी त्याच्या रेषेवर येतात, आणि तिथे माणसाला स्वतःचं डोकं चालवायला जागा राहते. मी कुंपण जरासं आत सरकवलं. प्रत्येक बाजूचा एकेक बिंदू बाहेर राहिला. आकडा आला एकशे तेहतीस. मग असं कुंपण आखणंच कसं स्वाभाविक आहे, यावर मी दोन परिच्छेद लिहिले. ते वाचून माझं मलाच पटलं. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हे आयुष्यात एकदा तरी करतो, उत्तर आधी माहीत असतं आणि हात आपोआप तिकडे वळतो.

बाईंची मोजणी तिसऱ्या दिवशी पूर्ण झाली. एकशे पस्तीस.

‘बाई, तुमचे दोन जास्त येतायत,’ मी म्हणालो.

‘दोन्ही दिवशी आले.’

‘पण एकशे तेहतीसच हवेत. सगळ्या जगाला माहीत आहे.’

‘जगाला माहीत असेल तर मोजायला कशाला सांगितलंत?’

मी त्यांना कुंपणाचं समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, दोन परिच्छेद वाचले, कागद परत माझ्याकडे सरकवला. तरुणपणी दोन वर्षं त्यांनी घरोघर जाऊन माणसं मोजायचं सरकारी काम केलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ‘तेव्हा आम्हाला एक सांगितलेलं,’ त्या म्हणाल्या. ‘दार उघडलं की आत दिसतील तेवढे सगळे आधी लिहून घ्यायचे. घरचे कोण आणि मुक्कामाला आलेले कोण, ते मग विचारायचं. तुम्ही दोघांना मोजायच्या आधीच दाराबाहेर काढलंत. का काढलंत, तर आकडा जमावा म्हणून. असं नाही करता येत.’

‘मग ते दोघं घरचे आहेत म्हणता?’

‘मी कुठे म्हणतेय? नसतीलही. पण ते ओळखायची खूण पाहिजे. मला अकरा-बारा दिवस द्या.’

महिनाअखेर आठ दिवसांवर होती. महिनाअखेरीला निवड समितीकडे लेख पोचायला हवा होता. बाईंनी चिठ्ठी द्यायला नकार दिला. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘जमलेला नाही, तर जमला कसं लिहू?’

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. बाईंचं पद रद्द करायचा कागद त्यांच्याकडे वर्षभर पडून होता, त्यावर लिहायला कारण मिळत नव्हतं. ते म्हणाले, ‘चिठ्ठी का नाही, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी लेख पुढे पाठवतो.’ ते कारण कशासाठी हवं होतं हे मला कळत होतं. बाईंचं पद गणनसहायकाचं. मी लिहिलं: ‘गणनसहायकांच्या मोजणीत दोनाची तफावत आहे. प्रोग्रॅमचे उत्तर अपेक्षेशी जुळते.’ यात एक शब्दही खोटा नाही. तेव्हा मला या गोष्टीचा अभिमानच वाटला होता.

लेख गेला आणि मला खुर्ची मिळाली. बाईंना पत्र मिळालं. त्यांनी नोंदीची नक्कल मागून घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि मला म्हणाल्या, ‘तफावत आहे हे बरोबर लिहिलंत. कुणाची, ते लिहायचं राहिलं.’

मी म्हणालो, ‘पुढे काही निघालं तर मी दुरुस्ती करून घेईन, बाई. नक्की.’

‘कराल?’

‘शब्द देतो.’

त्यांनी विश्वास ठेवला, हे मला दिसलं. जायच्या दिवशी त्यांनी सत्तावन्न पानांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, त्यांच्या राहिलेल्या अकरा दिवसांचं काम. मी तो खणात टाकला.

सात महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या एका गटाचं पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. तीन इन्स्टंटॉनच्या पायरीवर तुमच्या कुंपणाने येणारे आकडे कुठल्याच सममितीत बसत नाहीत, काही तर अपूर्णांकात येतात, याचा खुलासा करावा. मी खण उघडला आणि बाईंचा गठ्ठा बाहेर काढला.

बाईंनी तीच मोजणी तीन वेळा केली होती. आमच्या सूत्रात ‘अ’ नावाची एक राशी असते. ती सिद्धांताच्या आतल्या बलाशी बांधलेली असते. ‘अ’ची किंमत बदलली की सिद्धांतातल्या अवस्थांचं वजन कमीजास्त होतं. बाईंनी ‘अ’च्या तीन वेगवेगळ्या किमती घालून तिन्ही वेळा सगळी मोजणी पहिल्यापासून केली होती, डावीकडून आणि उजवीकडून. बाकी सगळे आकडे हलले. दोन हलले नाहीत. शेवटच्या पानावर त्यांच्या गोल, शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हे दोघे घरात दिसतात, पण घरात काही झालं तरी यांना फरक पडत नाही. हे इथले नाहीत. आधी मोजावेत, मग भागून बाहेर काढावेत. कुंपण हलवू नये.’

मी तसं करून पाहिलं. दोन इन्स्टंटॉनच्या पायरीवर एकेक उरला. बेरीज एकशे तेहतीस. तिसरी पायरी बसली, चौथी बसली. पाचवीला प्रोग्रॅम सहा तास चालला आणि तीही बसली.

त्यावरून मी दुसरा लेख लिहिला. आधी मोजा, मग ‘अ’ला दाद न देणारे भागून काढा. आज मला चारचौघं ओळखतात ते या लेखामुळे. लेखावर नाव माझं एकट्याचं आहे. शेवटी आभाराची ओळ आहे: ‘विभागातील गणनकक्षाचे साहाय्य झाले.’ बाई तेव्हा त्या खोलीत नव्हत्या. मी आभार मानले ते चार भिंतींचे आणि तारेने बांधलेल्या खिडकीचे. सेवापुस्तकातल्या नोंदीचं काय, असं मन अधूनमधून विचारायचं. मी म्हणायचो, जुनी गोष्ट, आता कशाला उकरून काढायची. अशी वेळ मारून नेण्यात नऊ वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मी बाहेरगावी व्याख्यान दिलं. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका संशोधक बाईंनी विचारलं, ‘‘अ’च्या तीन किमती घालून बघाव्यात, हे तुम्हाला सुचलं कसं?’ साधा प्रश्न होता, आणि त्या उत्सुकतेनेच विचारत होत्या. मी काहीतरी गोलगोल बोललो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. परतीच्या प्रवासात मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पत्ता शोधून काढला. त्या थोरल्या भावाकडे राहतात. एका लांबट इमारतीचा चौथा मजला, अरुंद जिना, दाराशी चपलांचे दोनच जोड. दार भावाने उघडलं. आयुष्यभर चष्मे दुरुस्त केलेला माणूस, त्याने आधी माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

‘दादा, बाई आहेत का? मी विभागातून आलोय.’

‘या, या. जिन्याला पायऱ्या किती मोजल्यात?’

‘नाही मोजल्या.’

‘मग तुम्ही तिच्याच ऑफिसातले कशावरून?’ असं म्हणून ते स्वतःच हसले. ‘ही चढताना वेगळ्या मोजते, उतरताना वेगळ्या. अजून तरी जुळतायत.’

बाई आतल्या खोलीतून आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ‘बसा, प्रोग्रॅमवाले,’ त्या म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद बाजूला केले. चौकटीचेच कागद होते. त्यांत माझ्या दुसऱ्या लेखाची प्रत होती, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेली.

‘तुम्ही वाचलात?’

‘मोजला. तीनदा. सातव्या पानावर एक चिन्ह उलटं छापलंय, पुढच्या ओळीत परत सुलट झालंय. उत्तराला धक्का नाही. बाकी सगळं बरोबर आहे.’

मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते मग एकदम बोलून टाकलं. कुंपण, नोंद, गठ्ठा, आभाराची ओळ, व्याख्यानातला प्रश्न. दादा दाराच्या चौकटीशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

बाई म्हणाल्या, ‘लेखावरची नावंसुद्धा मोजली होती मी. एक निघालं. उलट बाजूने मोजलं, तरी एकच.’

‘मी दुरुस्ती पाठवतो. तुमचं नाव आधी, माझं नंतर. सेवापुस्तकातली नोंद बदलायला अर्ज देतो. तफावत माझी होती असं स्पष्ट लिहितो.’

‘लिहा. लिहायलाच हवं, ते खरं आहे म्हणून. पण मला बरं वाटावं म्हणून करताय, असं समजू नका.’ त्या प्रत घडी घालून पाकिटात ठेवत होत्या. बोलताना हात थांबले नाहीत. ‘तुम्ही शब्द दिला होतात. मला वाटलं, दुरुस्तीचं पत्र टपालाने येईल. पहिली दोन वर्षं मी रोज खाली जाऊन पेटी उघडायचे. लेख छापून आलेला बघितला, त्या दिवशी तर दोनदा गेले. तिसऱ्या वर्षी पेटीची किल्ली दादाला देऊन टाकली.’

दादा म्हणाले, ‘चहा ठेवू का?’

बाई म्हणाल्या, ‘नको. त्यांना उशीर होईल.’

मी उठलो. मला लाज वाटत होती, आणि ती घालवायला तिथे कुणाकडेही काही नव्हतं. बाईंनी दारापर्यंत येऊन कडी काढली, मी बाहेर पडल्यावर लावून घेतली.